पडताळा सर

सायकलला कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची, चार पावलं चालायचं आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचं. आमच्या पालघरच्या शाळेतल्या गणिताच्या सरांची सकाळ अशी सुरू व्हायची. शाळेच्या आवारातून सायकल चोरीला गेल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. मी तसं एकदा त्यांना म्हटलं, तर म्हणाले, "आठवत नाही म्हणजे गेली नाही, असं कुठं ठरतं?"

मुलांनी त्यांना 'पडताळा सर' असं नाव ठेवलं होतं. उत्तर काढून झालं की ते मूळ गणितात परत घालून जुळतं का बघायचं, याला पडताळा म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल आणि विसरलाही असाल. सर विसरू देत नसत. कुणी पाटी पुढे केली की पाटीकडे न बघता ते आधी विचारायचे, "पडताळा?" आपलं नाव पडलंय हे त्यांना ठाऊक होतं. ते कुणी पाडलं याबद्दल त्यांचा तिघांवर संशय होता, आणि त्या तिघांत मीही होते.

बाजारात मासळी घेताना ते एकेका माशाचे कल्ले वर करून बघत. कोळणी वैतागायच्या. "मास्तर, मेलेला हाय तो. पळनार नाय!" असं एकीनं म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. स्टेशनवर गाडीची वेळ ते दोन वेगवेगळ्या माणसांना विचारायचे. दोघांनी वेगळी वेळ सांगितली तर वैतागायचे आणि एकच सांगितली तर ते दोघं आपसांत बोलले असतील असं त्यांना वाटायचं. अशा माणसाशी संसार कोण करणार? सर एकटेच राहायचे.

मी त्याच शाळेत शिवण शिकवायचे. आमचे हे तारापूरला नव्या अणुवीजकेंद्राच्या बांधकामावर होते आणि बिऱ्हाड बोईसरला होतं. साताऱ्याकडून आलेल्या मला इथली हवा खारट लागायची आणि माणसं तिरकस. संध्याकाळची गाडी येईपर्यंत मी शिक्षकांच्या खोलीत काजं करत बसायचे. याच रिकाम्या वेळापायी मी त्या भानगडीत सापडले.

शास्त्र शाखेला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी तेव्हा वरच्या गणिताचा एक वेगळा पेपर असायचा. त्याचा जादा वर्ग सर शाळा सुटल्यावर घ्यायचे. वर्ग सुरू झाला तेव्हा त्यात मुलगेही होते. पण संमिश्र संख्यांचं प्रकरण निघालं आणि एकेकाला घरची कामं आठवू लागली. उणे एकचं वर्गमूळ! कुठल्याच संख्येचा वर्ग उणे येत नाही हे इतकी वर्षं घोकून घेतलं, आणि आता म्हणे येतो, त्या वर्गमुळाला 'आय' म्हणा. शेवटी वर्गात एकच मुलगी उरली. शिरगावची, तांडेलाची, म्हणजे मासेमारीचा मचवा चालवणाऱ्या नाखव्याची पोर. आई मासळी विकायची.

रिकामी शाळा, एक तरणी मुलगी आणि एक बिनलग्नाचे सर. लोक बोलायच्या आधीच सरांना लोकांचा संशय आला. ते उठून हेडमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "मला साक्षीदार पाहिजे." हेडमास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून शेवटच्या बाकावर शिवण घेऊन मी पाळतीवर बसू लागले. खरं सांगते, मलाही सरांचा भरवसा नव्हता. एवढा संशय घेणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर चार ओळींत सिद्ध करून दाखवलं की एक आणि उणे एक सारखेच. मग हात झटकून म्हणाले, "यात मी कुठंतरी लबाडी केली आहे. पकड."

मुलगी फळ्याकडे बघत राहिली. "तिसऱ्या ओळीत, सर."

"कशावरून?"

"पयल्या दोन ओळी लिवताना तुमी माज्याकडं बगत होता. तिसरीला पाठ केलीत."

सरांचा खडू हातातच राहिला. आईच्या टोपलीशेजारी बसून गिऱ्हाइकांच्या नजरा वाचणारी पोर ती. सर म्हणाले, "हे कारण गणितात चालत नाही." मग म्हणाले, "पण ओळ बरोबर आहे." उणे संख्यांची वर्गमुळं एकत्र गुणली की चिन्ह बदलतं, हे खरं कारण तिनं दुसऱ्या दिवशी शोधून आणलं. त्या दिवशी सर पहिल्यांदा हसलेले मी पाहिले.

ऐकून ऐकून मलाही थोडं समजायला लागलं. तीन अधिक चार आय, याचं वर्गमूळ काढा. आकडेमोड केली की एक भाग दोन किंवा उणे दोन येतो आणि आयचा भाग एक किंवा उणे एक. जोड्या लावल्या की चार उत्तरं होतात. सर म्हणायचे, "दारात चौघं उभे आहेत. दोघं आपले, दोघं तोतये. आत कुणाला घेणार?" मुलगी एकेकाचा वर्ग करून बघायची. दोन अधिक आय खरा, त्याचा उणे भाऊ खरा. बाकीच्या दोघांचा वर्ग केला की चारचं चिन्ह उलटं यायचं, आणि ती त्यांना खडूच्या एका फटक्यात घालवायची. एवढं होऊनही सर विचारायचे, "पडताळा?" ती दात ओठ खात पुन्हा करून दाखवायची.

एके दिवशी वर्गाच्या दारात तिचे वडील येऊन उभे राहिले. उन्हानं काळवंडलेले, डोईवर लाल टोपी.

"मास्तर, गावात बोलतात, तुमी आमच्या पोरीला नसलेले आकडे शिकवता. खरं हाय काय?"

"खरं आहे," सर म्हणाले.

तांडेल चक्रावले. मास्तर नाही म्हणेल, मग आपण चढा आवाज लावू, अशा तयारीनं आले असावेत. "नाय तर शिकवता कशाला?"

सरांनी त्यांना बसायला बाक दिला. "बेरीज चार आणि गुणाकार तेरा, असे दोन आकडे सांगा."

तांडेलांनी बोटांवर जुळवाजुळव केली. एक आणि तीन, दोन आणि दोन. "नाय जमत. चाराच्या वर गुनाकार जातच नाय. फसवता तुमी."

"शाबास!" सर इतक्या जोरात म्हणाले की माझी सुई बोटात शिरली. "असाच संशय घ्यायचा. आता तुमची मुलगी काय करते बघा."

मुलीनं फळ्यावर लिहिलं, दोन अधिक तीन आय आणि दोन उणे तीन आय. बेरीज केली, आय एकमेकांना खाऊन गेले आणि चार उरले. गुणाकार केला, तेरा आले. तांडेलांनी उठून फळ्याची मागची बाजूसुद्धा बघितली.

"मदी कायतरी आलं आनि गेलं," ते म्हणाले. "तिकडं तारापूरला पन दिसत नाय असं कायतरी जाळून वीज काडनार म्हनं. ऱ्हावू दे. हिशेब लागला, आकड्यांबद्दल आमचं कायी म्हननं नाय." जाताना मात्र ते मुलीला संगती घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

सर रिकाम्या वर्गात खडू घेऊन उभे राहायचे. मला विचारायचे, मुलगी आजारी असेल, की तिचं लग्न ठरलं असेल, की बाई, तुम्ही कुठं काही बोललात? मी चिडून म्हटलं, "इथं उभं राहून तर्क करण्यापेक्षा जाऊन बघा ना." परीक्षा जवळ आली होती. आता वर्ग बुडाला तर पेपर बुडाला आणि पेपर बुडाला तर मुंबईचं कॉलेज संपलं. सरांनी छत्री उचलली. "चला. साक्षीदार लागेल."

शिरगावला किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते. तांडेल सावलीत जाळं विणत बसले होते. मुलगी घराच्या दारात उभी होती, पण पुढे आली नाही.

"पोर हुशार हाय ते आमाला बी ठावं हाय," तांडेल म्हणाले. "पन मुंबैला गेली की ती आमची ऱ्हाईल कशावरनं?"

'कशावरून' हा सरांचा प्रश्न. तो त्यांना कुणी विचारलेला मी तेव्हाच पाहिला. सर पायाखालची वाळू छत्रीनं उकरत राहिले. मग म्हणाले, "माझा तिच्यावर विश्वास आहे."

तांडेलांचा हात थांबला. "इस्वास? मंग दर उत्तराला पडताळा कसला मागता? पोर सांगते, सगळी बरोबर आली तरी मास्तर इचारतोच. तुमचाच इस्वास नाय, तो आमी कुटनं आनायचा?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोंबलांकडे पाहिलं.

"ठीक आहे," सर शेवटी म्हणाले. "आजपासून तिला विचारणार नाही."

"कदीच नाय?"

"कधीच नाही."

तांडेलांनी डोळे बारीक केले. "साक्षीदार कोन?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तांडेल मला वरून खाली न्याहाळून बघत राहिले आणि म्हणाले, "मंग मी बी नाय इचारत. सोमवारपासनं येल ती."

ती आली. त्यानंतर सरांचे जे हाल झाले ते बघवत नव्हते. तिनं उत्तर काढलं की त्यांचं तोंड उघडायचं, मिटायचं, आणि मग ते खिडकीशी जाऊन खडू चुरत उभे राहायचे. तोंडातला शब्द कुठंतरी काढायचाच म्हणून मला विचारायचे, "बाई, ते काज बटणाला घालून बघितलंत?" मी म्हणायचे, "विचारा, विचारा. माझ्याबद्दल कुठं शब्द दिलाय?" हसता हसता एकदा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला विश्वास ठेवणं किती कष्टाचं जात होतं! आणि तरीही तो रोज ठेवत होता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जी अढी होती ती कधी गेली ते मला कळलंही नाही.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली, मुंबईला गेली आणि सुट्टी लागली की गावी येत राहिली. सर आता नाहीत. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी गेले आणि तिकडेच वारले. त्यांची आठवण निघाली की मला परीक्षेचा तो दिवस दिसतो.

पेपर सुटायच्या वेळी सर केंद्राच्या दारात सायकल घेऊन उभे होते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला, ओळखीच्या आणि बिनओळखीच्या, विचारत होते, "पडताळा घेतलास?" कुंपणाजवळ तांडेल उभे होते. त्यांची नजर सरांवरून हलत नव्हती.

मुलगी आली. सर आभाळाकडे बघत म्हणाले, "ऊन आहे नाही आज?"

"सर, मी पडताळा घेतला," ती म्हणाली. "सगळ्यांचा. दोन-दोनदा."

"मी विचारलं नव्हतं." सरांनी घाईनं कुंपणाकडे पाहिलं.

"म्हनून तर! तुमी इचारनार नव्हता, मंग मलाच बगायला लागलं."

सरांनी तिच्या हातातला प्रश्नांचा कागद घेतला. एकेक गणित विचारत तिच्यासोबत ते रस्त्यानं चालू लागले. सायकल तिथंच राहिली, किल्ली कुलपालाच लटकत होती.

तांडेल सायकलपाशी आले. इकडंतिकडं बघून पुटपुटले, "कोन तरी नेल." त्यांनी कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि सरांच्या मागून निघाले. चार पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन त्यांनी कुलूप ओढून बघितलं.