अकरा पाहुण्या आणि रिठदचा हुरडा

वाशिमच्या मुलींच्या शाळेत लागून मला जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा तिथेच शिक्षकांचं अधिवेशन भरलं. थंडीचे दिवस. नागपूर, पुणे, कोल्हापूर, पार रत्नागिरीहून माणसं आलेली. शाळेचे वर्ग रिकामे करून सतरंज्या घातल्या होत्या आणि मी एवढी हरखले होते की दोन रात्री धड झोपच नव्हती.

शेवटच्या दिवशी पाहुण्यांना कारंज्याची जुनी जैन मंदिरं दाखवायची ठरली होती. एसटीच्या दोन गाड्या सांगितल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी त्या पुरुषांच्या नावांनी भरून गेल्या. बायका अकरा. त्यांचं काय करायचं, यावर स्वागत समितीची बैठक बसली. कुणी म्हणालं, एखाद्या घरी हळदीकुंकू ठेवा. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. तोंडातून एकदम निघून गेलं, "मी नेते त्यांना. रिठदला, हुरडा खायला."

"कोणाच्या शेतावर?" मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आमच्याच, सर."

रिठदला आमची चार एकर जमीन आणि वस्तीच्या टोकाला घर. तिथे जाऊन मी बातमी सांगितली तेव्हा माय जवस भाजत होती. तिचा हात थांबला.

"अकरा मास्तरनी? अन् जेवाले आपल्या घरी? तुले काही समजते का वं पोरी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "जेवतीन का त्या आपल्या घरी?"

आम्ही बौद्ध. माय लहानपणी महार म्हणून वाढली, ओंजळीत वरून पाणी घेऊन प्यालेली. तिने विचारलं ते उगाच नव्हतं. बाबा बाजेवरून म्हणाले, "नाही जेवल्या त आपन जेवू. येऊ दे त्याईले."

झालं. मायने दोन दिवसांत अंगण सारवलं, भिंतींना पांढरी माती दिली, शेजारपाजारची ताटं गोळा केली.

वाशिमला कापूस उतरवून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर आमच्या रिठदचाच. त्याने तळाशी गवत आणि वर ताडपत्री अंथरली आणि पाहुण्यांना म्हणाला, "बसा बाई, कापसावानी सांभाळून नेतो." स्टूल लावून एकेक मास्तरीणबाई चढली. सगळ्यात शेवटी पुण्याच्या मुख्याध्यापिका. वयाने पन्नाशीच्या, धिप्पाड, अधिवेशनातल्या महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. त्यांना दोघींनी वरून ओढलं, दोघींनी खालून लोटलं, आणि त्या गवतात पडल्या तेव्हा स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसल्या. ट्रक निघाला. वाऱ्याने पदर उडायला लागले. रत्नागिरीची एक माझ्याच वयाची शिक्षिका फळीला धरून उभी राहिली आणि ओरडली, "अहो, इथं समुद्र नाही नि डोंगरही नाही! मग सूर्य मावळायला जातो कुठं?"

"तुरीत!" मी पण ओरडले. माझा आवाज शाळेत कधी एवढा चढला नव्हता.

शेतात बाबांनी गोवऱ्यांची आगटी पेटवून ठेवली होती. विस्तवातून कणसं काढायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायचं आणि गरम हिरवे दाणे तोंडात टाकायचे. सोबत लसणाची चटणी, बोरं, पेरू. बायकांची बोटं पोळली, नाकाला काजळी लागली. पुण्याच्या बाई आगटीच्या अगदी जवळ बसल्या होत्या. बाबा चोळून देत होते आणि त्या "अजून, अजून" म्हणत होत्या.

तिथून घरी आलो. माय दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिच्या मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. पुण्याच्या बाईंनी तसबीर पाहिली, मायकडे पाहिलं, आणि अंगणातच थांबल्या.

"मी जेवणार नाही हं," त्या म्हणाल्या. "आज माझी चतुर्थी आहे."

माझ्या कानांत आग झाली. अर्ध्या तासापूर्वी ओंजळभर हुरडा खाल्लेला सगळ्यांनी पाहिला होता. बाबांनीही. ते बैल बांधायला गेले. मायला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. "मंग बाईले पेरू कापून देते," म्हणत ती घाईने आत वळली. रत्नागिरीची शिक्षिका तिच्या हातातला तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्याली आणि तिने विचारलं, "आई, पाट कुठं मांडू?"

दहाजणी पंगतीला बसल्या. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, जवसाची चटणी. ठेच्याने डोळ्यांतून पाणी, तरी हात थांबेना. बाई बाजेवर बसून पेरूच्या फोडी खात होत्या.

तोवर वस्तीतल्या बाया अंगणाभोवती जमल्या होत्या. गाणी सुरू झाली, फुगडीची हाक आली. जेवलेल्या पाहुण्या पोटावर हात ठेवून "नको, नको" करायला लागल्या. तेव्हा माय सरळ बाजेपाशी गेली.

"ह्या सगळ्या जेवून जड झाल्या. तुमी चला बाई, तुमचंच पोट रिकामं हाय."

बाई उठल्या, पदर खोचला आणि मायचे दोन्ही हात धरले. माझी माय किडकिडीत, त्या दुप्पट. पण मायने पाय असे रोवले की बाई भिंगरीसारख्या फिरल्या. अंबाडा सुटला, चष्मा मी झेलला. वस्ती टाळ्या पिटत होती आणि मीही उड्या मारत होते.

थांबल्या तेव्हा बाई धापा टाकत खालीच बसल्या. मायने पुढे केलेला तांब्या त्यांनी तोंडाला लावून रिकामा केला.

"भाकरी उरलीय का हो?"

"अन् चतुर्थी?" माय गोंधळली.

बाईंनी मान खाली घातली. "ती नव्हतीच आज. मी खोटं बोलले तुमच्याशी."

मायला सगळं कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ती म्हणाली, "बसा. भाजी गरम करते," आणि तिने ताट वाढलं. बाई दोन भाकरी जेवल्या. ताट त्यांनी स्वतः घासायला घेतलं, मायने ते हिसकावून घेतलं.

ऊन उतरता आम्ही वाशिमला पोचलो तेव्हा कारंज्याच्या गाड्याही आल्या होत्या. पुरुष कोरीव खांबांचं वर्णन करायला लागले, पण ऐकतंय कोण! अकराजणी एकदमच बोलत होत्या. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी पाहुण्यांची सहल तुमच्याकडे."

मी लगेच हो म्हटलं. किती माणसं असतील, तेही विचारलं नाही.