मी तीर्थ पीत नव्हतो

माझी मंडळी गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी देवीवर रुसलो होतो, हे आज कबूल करतो. वाघजाईच्या देवळात झऱ्याचं पाणी भरायचं, आरतीनंतर पळीनं तीर्थ द्यायचं, हे काम हिचं. जाताना तिनं ते माझ्या गळ्यात घातलं. मी रोज दिलं, पण स्वतः थेंब घेतला नाही. हिला जिनं राखलं नाही तिचं पाणी कशाला प्यायचं, असं मनात होतं.

गेल्या भादव्यात गावात कावीळ आली. उपकेंद्राच्या नर्सबाई वही घेऊन घरोघर फिरू लागल्या. कोण पडलं, कधी पडलं, पाणी कुठलं. पोटुशी बाईला ही जिवावर बेतते, असं प्रत्येक दारात सांगायच्या. माझ्या ओट्यावर आल्या तेव्हा मी म्हणालो, "माझ्या घरात पडायला हाय कोन?"

"तुम्ही आहात ना, आजोबा." दंडावरचा देवीच्या लशीचा वण बघून त्यांनी विचारलं, "हे कुणी टोचलं?"

मी सांगितलं, अशाच एक बाई माझ्या लहानपणी लस टोचायला डोंगर चढून आल्या होत्या. आईनं मला कणगीत लपवलं. त्या म्हणाल्या, बसते मी, भूक लागली की येईल बाहेर. दुपारपर्यंत बसल्या.

"मग मीही बसते," म्हणत नर्सबाईंनी वही उघडली.

आजारी घरांत कुणाचं पाणी नळाचं, कुणाचं बोअरचं. त्यांना मेळ लागेना. त्यांनी नावं वाचली आणि मी एकेक नाव बोटावर मोजत गेलो. एकूण एक माणूस आरतीचं. सगळ्यांच्या हातावर मीच पळी ओतली होती. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण चार दिवसांनी घट बसणार होते, आणि चांद्याला दिलेली माझी नात मंगल, सातवा महिना लागलेली, दर्शनाला येणार होती.

मी तीर्थाचं सांगितलं. बाईंनी मान वर केली. "रोज देवळात असता, मग तुम्ही कसे धड?"

"मी पीत न्हाई, बाई. रुसलोय तिच्यावर."

त्या हसल्या नाहीत. वही मिटून म्हणाल्या, "चला, झरा दाखवा."

झऱ्याच्या वरच्या अंगाला भाड्याच्या नव्या खोल्या. त्यांच्या संडासाचा खड्डा पाझरत होता. झरा त्याच दिवशी बंद केला. म्हातारा देवी बाटवतोय, अशी कुजबुज झाली. मी पारावर उभा राहून सांगितलं, "देवी न्हाई बिघडली, संडास बिघडलाय!"

मी चौथी पास माणूस, मला शास्त्र कळत नाही. पण तीर्थ घेत असतो तर मीही वहीतलं एक नाव झालो असतो. देवीनं माझा रुसवासुद्धा कामाला लावला. ज्या घरात ती हिला राखायला आली नाही म्हणून मी रडत होतो, त्याच ओट्यावर बसून नर्सबाईंच्या तोंडून तिनं मला विचारलं, तू कसा धड? तेव्हापासून तिला जाब विचारायचं सोडलं. तिला काय करायचं ते तिला ठाऊक.

घट बसले त्या दिवशी हिच्या पातेल्यात पाणी उकळून, निववून देवळात नेलं. मंगलनं हात पुढं केला. मी म्हणालो, "थांब पोरी." पहिली पळी माझ्या हातावर ओतली आणि प्यायलो. मग तिला दिली.