कंडक्टरची शिट्टी

सलूनवाल्याच्या दुकानात पूर्वी दाढी कमी आणि हशा जास्त व्हायचा. हा बाबा गालाला साबण लावून ठेवायचा आणि कोणाची तरी नक्कल करत बसायचा. "अरे, सुकला की साबण!" म्हणून गिऱ्हाईक ओरडायचं. आता मुकाट्याने वस्तरा चालवतो.

डोंगर चढायची टूम त्याचीच. चौघे मित्र, आणि सगळ्यांच्या मागे नेहमी कंडक्टर. बसमधली शिट्टी तो डोंगरातही गळ्यात घालायचा. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. "पुढे सरका, पुढे जागा आहे!" असं मागून ओरडायचा आणि सगळे हसत चढायचे.

त्या दिवशी झऱ्यावर तोंड धुताना कंडक्टरने शिट्टी काढून दगडावर ठेवली. सलूनवाल्याने ती हळूच खिशात टाकली आणि पुढच्या वळणाआडून दोनदा वाजवली. पुढचे दोघे निघाले. हाही हसू दाबत त्यांच्या मागे. शोधत बसेल लेकाचा, मग शिव्या घालत येईल, एवढीच काय ती गंमत! तेवढ्यात धुकं उतरलं.

कंडक्टर आलाच नाही. तिघे परत फिरले. "गप्प राहा जरा, शिट्टी वाजवेल तो," एकजण म्हणाला. सगळे कान देऊन उभे राहिले. सलूनवालासुद्धा! खिशात मूठ आवळून उभा होता मेला, पण तोंड उघडलं नाही. शिट्टी येईना, म्हणून ते दुसऱ्या अंगाला शोधत गेले. सकाळी कंडक्टर झऱ्याखालच्याच घळीत सापडला. पाय मोडलेला, गारठून जीव गेलेला. पाण्याच्या आवाजात बिचाऱ्याचं ओरडणं विरलं होतं. शिट्टी मात्र ऐकू आली असती.

काही दिवसांनी सलूनवाला कंडक्टरच्या घरी गेला. खुंटीवर गणवेश तसाच होता.

"भाऊजी, एकच सांगा," वहिनी म्हणाल्या. "गळ्यात शिट्टी असून त्यांनी वाजवली का नाही? निघताना मी भांडले होते. परत नाही आलात तरी चालेल, असं मीच म्हणाले. म्हणून तर नाही ना?"

गप्प राहिला तर सलूनवाला सुटत होता. ही बाई मात्र जन्मभर स्वतःला खात बसली असती. त्याने शिट्टी काढून तिच्यापुढे ठेवली.

"ही माझ्याकडे होती, वहिनी. मी लपवली होती. गंमत म्हणून."

वहिनींनी शिट्टी मुठीत धरली आणि त्या हमसून हमसून रडल्या. "माझ्यामुळे नाही," त्या म्हणत राहिल्या, "माझ्यामुळे नाही." मग डोळे पुसून त्यांनी दार उघडलं.

"निघा भाऊजी. पुन्हा या घरी येऊ नका."