आप्पांचे मंगळवार

आप्पांना राग आला की ते कन्नडमध्ये बोलत आणि माया आली की मराठीत. दोन्ही एकदम दाटून आलं तर वाक्य इकडून सुरू होऊन तिकडं संपायचं. त्यामुळं बेळगावच्या आमच्या कारखान्यात त्यांच्या केबिनबाहेर क्षणभर थांबून नुसती भाषा ऐकली, तरी आत जावं की माघारी फिरावं हे कळायचं. आप्पा पर्सोनेल खात्याचे मुख्य. सदलग्याच्या जैन शेतकरी घरातले, पोट सुटलेले, आणि कुणी 'सर' म्हटलं की भडकणारे. मी शहापूरची, त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "सर शाळेत. हितं आप्पा म्हणायचं."

कंपनीनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. हजेरी, रजा, बढती, सगळं आता 'सिस्टम'मधून होणार होतं. गेटवर चेहरा ओळखणारं यंत्रही बसणार होतं. बेळगाव आणि निपाणी, दोन्ही कारखान्यांत हे चालू करायचं काम आप्पांच्या आणि माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, रिटायर व्हायला आलेला माणूस, हा खोडा घालणार. कसला खोडा! घरात लग्न निघाल्यासारखे आप्पा कामाला लागले. स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पासवर्ड रोज विसरायचे आणि स्क्रीनवर "एनिदु, एनिदु!" म्हणजे 'हे काय, हे काय!' असं खेकसायचे. "हे माझ्या डोक्यात शिरायचं न्हाय पोरी, ते तू बघ. लोकांच्या गळी उतरवायचं माझ्याकडं लागलं," असं म्हणून ते गेटवर जाऊन उभे राहिले.

निपाणीच्या बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून यायच्या आणि यंत्रापुढं तो सोडायला लाजायच्या. आप्पा म्हणायचे, "पावणं बघायला आल्यात समज आणि नीट वर बघ. पसंत केल्याबिगर सोडत न्हाय त्ये." बायका फिदीफिदी हसायच्या, हलायच्या, आणि यंत्र काही चेहरा घ्यायचं नाही. मग आप्पा यंत्रालाच झापायचे.

खंडेनवमीला त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या मशीनांबरोबर याचीही पूजा केली. झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्यावर टेकवलं. दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आलो, तर सगळा कारखाना गैरहजर. हेड ऑफिसच्या साहेबांचा घाबरून फोन आला, "संप झालाय का?" आप्पा शांतपणे म्हणाले, "न्हाय साहेब, देवानं डोळं झाकल्यात. पुसून घेतो."

इथवर सगळा हसण्यावारी नेण्याचा कारभार होता. पुढं अडलं ते मंगळवारांवर.

आमच्याकडच्या खेड्यांत लक्ष्मीची यात्रा दरसाल नसते, कित्येक वर्षांनी येते. त्याआधी गाव वार पाळतं. ठरलेल्या मंगळवारी औत धरायचं नाही, गिरणी चालवायची नाही, कामासाठी वेस ओलांडायची नाही. बेळगावजवळच्या अशाच एका गावाचे वार तेव्हा लागले होते आणि तिथल्या काही बायका आमच्याकडं कामाला होत्या. कुठल्याही गावाचे वार लागले की आप्पा त्या गावच्या लोकांना मंगळवारी सोडत आणि बदल्यात रविवारी बोलावत. कुणाचं काही बिघडत नसे. पण सिस्टमला हे मान्य नव्हतं. तिच्या लेखी ती विनापरवाना गैरहजेरी, आणि अशी तीनदा झाली की कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव आपोआप बाद. त्या यादीत त्यांच्यातली रेणुका होती. नवरा गेलेला, घरी सासू आणि शाळेतली पोर, आणि इतकी वर्षं कंत्राटावर काढल्यावर आता कुठं तिचं नाव वर आलं होतं.

ती केबिनमध्ये येऊन म्हणाली, "आप्पा, मी येते मंगळवारी. गाव काय बोलायचं ते बोलंल."

"गप गं," आप्पा म्हणाले. "गावात तुला ऱ्हायाचं हाय. ह्या यंत्राला न्हाय."

त्यांनी हेड ऑफिसला फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. सूट द्यायचीच असेल तर देणाऱ्याच्या नावावर ती नियमभंग म्हणून लागेल, आणि आप्पा, तुमच्या मुदतवाढीचा कागद अजून माझ्याच टेबलावर आहे. आप्पांना ती मुदतवाढ हवी होती, चांगलीच हवी होती. "घरात बसून काय वाती वळू?" असं ते मला कितीदा तरी म्हणाले होते.

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले. "मंजूर कर."

"आप्पा, विचार करा."

"विचार झालाय. तू बटण दाब."

सिस्टमनं कारण विचारलं. आप्पांनी सांगितलं, "गावची यात्रा. मी सोडलंय, असं लिव्ह." प्रत्येक मंगळवारी मी तेच लिहीत गेले.

रेणुका कायम झाली. आप्पांना मुदतवाढ मिळाली नाही. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, "वाटतंय तर! खोटं कशाला बोलू?" आणि हार तसाच गळ्यात ठेवून गाडीत बसले.

यात्रेचं बोलावणं रेणुकानं आम्हा दोघांनाही केलं. मला वाटलं, आप्पा कसले येतात! यात्रा म्हणजे घरोघरी मटणाचे हंडे, आणि हा कांदा-लसूणही न खाणारा माणूस. पण आले. रेणुकानं परड्यात वेगळी चूल मांडली होती, भांडी कोरी करकरीत आणली होती, पाणी गाळून ठेवलं होतं. जैन शेजारणीला विचारून विचारून स्वयंपाक केला होता. सासू वाटेवर काठी घेऊन बसली होती आणि रस्सा घेऊन येणाऱ्या पोरांना ओरडत होती, "तिकडनं न्या रं, तिकडनं! हितं आप्पा जेवणार हाईत."

रेणुका वाढायला वाकली आणि तिला हुंदका आवरेना. "आप्पा, माझी नोकरी पक्की केलासा आणि तुमची गेली की वो."

"माझी कवातरी जायाचीच हुती," आप्पा म्हणाले. "तुझी गेली असती तर परत आली नसती. वाढ आता, दिवस मावळायच्या आत."

ती वाढत होती आणि आप्पा मन लावून जेवत होते. मी मान खाली घालून नुसताच भात कालवत राहिले.