दुपारचा पहारा

देवळात जाणारी माणसं भाबडी असतात, असं तुम्हालाही वाटतं का? मला वाटायचं. परवा जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात एका चाचांच्या दुकानात बुक्क्याची पुडी फुटली. सप्ताहातला तो गडद सुगंध अंगावर आला, आईची एक दुपार आठवली आणि वाद घालण्याचं माझं सगळं अवसान क्षणभर गळालं.

आमचं घर पत्रकांचं. वडील शेतमजुरांच्या सभांची पत्रकं आणायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. देऊळ आमच्या रस्त्यावर होतं, पण आमचा रस्ता देवळात शिरत नव्हता. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाच्या एका कोरड्या उन्हाळ्यात वडील गेले. सभेतली माणसं आली, मुठी आवळून घोषणा देऊन गेली. मागं उरलेली आई हळूहळू बोलायचीच थांबली. तव्यावर भाकर करपली तरी तिला कळायचं नाही. वडिलांमागोमाग हीसुद्धा आपल्या हातून निसटते आहे, ही धास्ती मला पोखरायची.

त्यातच पुसेगावच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात सप्ताह बसला. सप्ताहात वीणा पहाऱ्यांच्या पाळीनं कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात अखंड असते, जमिनीला टेकवायची नसते. पण गडीमाणसं कामाच्या शोधात पांगलेली. शेळ्या राखणारी शेजारची मावशी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

“वहिनी, चला. दुपारचा पहारा मोकळा पडून राहिला.”

“मी कशी?” आई कितीतरी दिवसांनी बोलली. “कपाळ असं उघडं.”

“वीणेला काय डोळे हायत व्हय? उठा. माझ्या शेळ्या तिकडं बोंबलून राहिल्या.”

देवळात भजनी मंडळाचे म्हातारे प्रमुख सकाळपासून वीणा घेऊन उभे होते. बदलीला कोणी आलं नव्हतं. आईला पाहताच त्यांचा चेहरा आवळला. “हिला काहून आणलं? त्या घरात कधी देवाचं नाव न्हाई.”

“मग ठिवा वीणा खाली,” मावशी शांतपणे म्हणाली.

टाळ थांबले. म्हाताऱ्यांनी वीणेकडे पाहिलं, मग जमिनीकडे. आणि वीणा उतरवून आईच्या गळ्यात घातली. आता रीत उरली होती: वीणा देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, मग ती व्यक्ती कोणीही असो. सगळा गाव पाहत होता. ते कण्हत वाकले. हळदीकुंकवाला ज्या पावलांना कोणी बोलावत नव्हतं, त्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकवलं.

आईचं बोट तारेवर पडलं. आधी नुसता पुटपुटता ओठ, मग घोगरा, मग मोकळा आवाज: रामकृष्णहरी. भिंतीकडेच्या बायका पुढं सरकल्या. त्यातल्या दोघींची कपाळं आईसारखीच होती. उरलेल्या सप्ताहात दुपार त्यांची झाली, आणि पुढच्या प्रत्येक वर्षीही. घरी येताना आई म्हणाली, “म्हातारं वाकताना किती कण्हलं गं,” आणि हसली. खरंच हसली.

मी आजही पत्रकं लिहिते. देवळाशी माझी भांडणं मिटलेली नाहीत. म्हातारे गेले, मंडपाच्या जागी सिमेंटचं सभागृह झालं, भोंगे आले. पण समतेवर मी कितीही पानं लिहिली, तरी त्या एका वाकण्याइतकं स्वच्छ वाक्य मला अजून जमलेलं नाही.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गावात सप्ताह बसेल, तेव्हा घरात कोंडून घेतलेल्या एखादीच्या दारात जा. तिचं सांत्वन करू नका. पहारा मोकळा आहे, चला, एवढंच म्हणा.