दादाला शेवटपर्यंत पटलं नाही

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंगळीच्या स्टेशनवर बाकावर बसले होते. मावसबहिणीकडचं केळवण आटोपून परभणीला परतायचं होतं, गाडीला उशीर होता, आणि शेजारी बसलेली एक अनोळखी बाई मला हरभऱ्याचे घाटे सोलून देत होती. पुतण्या फोनवर एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले." मी त्याला विचारलं, "जेवला होता का रे?" असं का विचारलं, ते मला आजही सांगता येत नाही... त्या बाईने काही न विचारता घाट्यांचा रुमाल बाजूला ठेवला आणि गाडी येईपर्यंत माझा हात धरून बसली.

आदल्याच आठवड्यात मी त्याला दवाखान्यात भेटले होते. हृदय थकलं होतं, श्वास पुरत नव्हता, पण जीभ तशीच होती. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "शकू, एक बरं हाय बघ. आपल्यात माणसाला पुरतेत, जाळत न्हाईत. म्हणजे जाता जाता तरी माझा धूर तुझ्या आभाळाला लागणार न्हाई." गिरिजावहिनींनी तोंडाला पदर लावला. मी हसले. हसता हसता म्हणाले, "म्हणजे धुराने आभाळ बिघडतं हे तू मान्य केलंस." तो डोळे मिटूनच म्हणाला, "न्हाई. तुझ्या समाधानासाठी बोललो." आमचं शेवटचं बोलणं ते.

विश्वनाथ त्याचं नाव. गाव त्याला विश्वनाथआप्पा म्हणायचं; मला तो दादा. झरीच्या पुढे आमचं गाव आहे. वडील अचानक गेले तेव्हा दादाने दहावीतून शाळा सोडली, शेती अंगावर घेतली आणि मला मात्र परभणीला कॉलेजात घातलं. भावकीतल्या लोकांनी नावं ठेवली तेव्हा, "तिचं डोकं चालायलंय तर चालू द्या," एवढंच तो म्हणाला होता. मी भूगोलाची प्राध्यापक झाले. तो राजकारणात गेला, पंचायत समितीचा सभापती झाला, सभा गाजवायला लागला. म्हणजे मी शिकले ती त्याच्यामुळे, आणि शिकून जे आले ते त्याला पटेना!

वादाची सुरुवात एका बातमीने झाली. परभणीतल्या एका कार्यक्रमात मी तापमानवाढीवर बोलले होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, की पृथ्वी तापायला माणूसच जबाबदार. सकाळी चहाच्या आत दादाचा फोन. "हा माणूस म्हणजे कोण, शकू? त्याचं नाव-गाव सांग. मी हाय का त्याच्यात? का सालगडी हाय?" मी म्हटलं, कोळसा जाळणारे, तेल जाळणारे, आपण सगळेच, कुणी कमी कुणी जास्त. "म्हणजे तिकडं मोठ्या शहरात एकेका घरात चार-चार एसी चालायलेत, आन् शेताच्या धुऱ्यावरचा पालापाचोळा जाळला म्हणून मीबी त्याच पंगतीत?" त्याच्या पक्षातले लोक तर व्यासपीठावरून सांगत, की हे सगळं बाहेरच्या देशांचं कारस्थान आहे, आपली शेती आणि आपले कारखाने बंद पाडायचे आहेत. दादाही ते सांगायचा. टाळ्या पडायच्या. घरी आल्यावर मात्र कारस्थानाचं नाव काढायचा नाही. घरी त्याचा मुद्दा वेगळा असायचा. बहात्तरला गावात कुठे मोटारी होत्या, तरी आभाळ कोरडं गेलंच ना? मी म्हणायची, एका वर्षावरून हवामान कळत नाही, अनेक वर्षांचा कल बघावा लागतो. तो म्हणायचा, "कल तर म्हाताऱ्या बैलाचाबी बघावा लागतो, पण त्यो बैलाला इचारून. आभाळाला कोणी इचारलं?"

मी बरीच वर्षं मनाशी एक समजूत करून घेतली होती. मला वाटायचं, दादाला विज्ञान नाकारायचं नाही, त्याला फक्त दोष आपल्या माथी नको आहे. त्याचा राग अन्यायावर आहे. एका दुपारी मी ते त्याला बोलून दाखवलं. फार शहाणपणाचं आणि मायेचं काहीतरी बोलतोय असं मला वाटत होतं. त्याने चहाची बशी खाली ठेवली. "शकू, तू मला समजून घेऊ नको. लेकराला समजून घेतेत तसं. माझं म्हणणं चुकीचं असंल तर खोडून काढ. मला खरंच वाटतं, माणसात एवढी ताकद न्हाई. आभाळ लय मोठं हाय." त्या दिवसापासून मी त्याला समजून घेणं सोडलं आणि सरळ भांडायला लागले. आमचं नातं खरं तर तेव्हापासून सुधारलं.

मग ती ग्रामसभा आली. आमच्या सरपंच संगीताबाई खटपट्या आहेत. उन्हाळे सोसवेनात म्हणून त्यांनी कामांचा एक ठराव करायचं ठरवलं होतं: बाजारतळावर सावली, शाळेच्या पत्र्याखाली छत, विहिरींचं पुनर्भरण, रस्त्याकडेला लिंब आणि करंज. मसुदा मी लिहून दिला. पहिलं वाक्य होतं, 'माणसाच्या कृतींमुळे पृथ्वीचं तापमान वाढत आहे, म्हणून...' दादा उठला. "कामं सगळी मंजूर. माझ्या दोन्ही विहिरी पहिल्या घ्या. फक्त ते पहिलं वाक्य काढा. जे मला खरं वाटत न्हाई त्याच्यावर मी हात वर करणार न्हाई." सभेत कुजबुज सुरू झाली. संगीताबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "ताई, सोडा की एक वाक्य. वाक्याची काय सावली पडायलीय का?" मी म्हटलं, "कारण पुसलं तर उद्या कामंही पुसतील, बाई. सावली कशासाठी, हे लिहिलेलं राहू द्या." शेवटी हात वर करून मतं घेतली. वाक्य राहिलं, थोड्याशा मतांनी राहिलं. आप्पा स्वतःच्या गावात पहिल्यांदा हरले, असं लोक नंतर बोलत होते. त्याने उपरणं खांद्यावर नीट घेतलं, सभेला नमस्कार केला आणि निघून गेला.

मी परभणीची गाडी धरायला निघाले तर वहिनींचा निरोप आला, ताट वाढलंय. गेले. दादा आधीच जेवायला बसलेला होता. त्याने माझ्या ताटातली भाकरी उचलली, आपल्या ताटातली ताजी, टम्म फुगलेली तिथे ठेवली आणि जेवत राहिला. त्यानंतर अख्खा पावसाळा त्याचा फोन नाही. मीही केला नाही. दोघंही एकाच बापाची लेकरं...

पावसाळा सरता सरता तो पाऊस कोसळला. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, ओढा शिवारात शिरला आणि दोन दिवस उतरेना. कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. रस्त्याचं काम करताना ओढ्यावरच्या नळकांडी पुलाच्या तोंडाशी मुरूम टाकला होता, तो कोणी उचललाच नव्हता. पाहणीला एक पुढारी आले. दादाच्याच पक्षाचे, कालपरवापर्यंत दादाच्याच व्यासपीठावरून कारस्थानाची भाषा बोलणारे. पाण्यात उभ्या असलेल्या लोकांना ते म्हणाले, "ही जागतिक तापमानवाढ आहे. माणसानं निसर्गाशी खेळ केला, त्याची ही फळं. याला आपण काय करणार, सरकार तरी काय करणार?"

संध्याकाळी फोन वाजला. इतक्या महिन्यांनी. दादा रामराम न करता सुरू झाला. "ऐकलंस का? तुझं वाक्य त्याच्या तोंडात लय शोभून दिसायलतं. मुरूम टाकला ठेकेदारानं, आन् गुन्हेगार कोण, तर आभाळ!" माझ्या बाजूचं वाक्य असंही वापरता येतं, हे मला कधी सुचलं नव्हतं. पुढे तोच म्हणाला, "उद्या साहेब लोक पूल बघायला यायलेत. तू ये. मी बोललो तर राजकारण म्हणतील."

गेले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून दादा चिखलात उभा होता. त्याने अधिकाऱ्यांना माझी ओळख करून दिली. "ही माझी धाकटी बहीण. कॉलेजात भूगोल शिकवायची. हिचं आन् माझं पटत न्हाई, म्हणून हिचं ऐका." मी सांगितलं, की हवा तापली की तिच्यात बाष्प जास्त मावतं आणि पाऊस असा एकदम कोसळतो, हे खरं आहे. पण तापमानवाढ मुरूम टाकत नाही. पाऊस मोठा येणार हे माहीत असेल तर पुलाची तोंडं अधिक मोकळी हवीत, बुजलेली नव्हे. दादा मध्ये एकदाही बोलला नाही. पंचनाम्यात पुलाचा उल्लेख आला, काही आठवड्यांनी मशीन आलं, नळ्या मोकळ्या झाल्या. पक्षाच्या बैठकीचं बोलावणं मात्र दादाला पुन्हा आलं नाही. सगळी हयात ज्या पक्षात घातली, त्याचं शेवटी असं झालं. त्याने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण कुर्त्याला इस्त्री करायची सोडून दिली.

त्या दिवशी पुलावरून परतताना मी न राहवून म्हटलं, "बघ, आज आपण एका बाजूला होतो." तो थांबला. "पुलाच्या बाजूला होतो. पूल माणसानं बुजवला, हे मला मान्य. आभाळ माणसानं बिघडवलं, हे न्हाई." आणि पुढे चालायला लागला.

त्याच्या जाण्यानंतर गावात शोकसभा झाली. परभणीहून आमच्या पर्यावरण मंडळातले सहकारी आवर्जून आले होते. त्यातले एकजण मनापासून बोलले. म्हणाले, आप्पांचा मोठेपणा असा, की त्या पुरानंतर त्यांनी आपलं मत बदललं, विज्ञान स्वीकारलं. लोक माना डोलावत होते. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बोलणार नव्हते, माझं नावही वक्त्यांत नव्हतं. पण उठले. म्हटलं, "सरांचा गैरसमज झालाय. दादाला माझं म्हणणं पटलं नव्हतं. दवाखान्यातही पटलं नव्हतं. माझ्या मते तो चुकत होता, आजही मला तसंच वाटतं. पण तो खोटं बोलत नव्हता आणि भ्यायलाही नव्हता. त्याच्या नावावर त्याचंच मत राहू द्या." एवढंच बोलून खाली बसले. सभा संपल्यावर सहकारी नाराजीने म्हणाले, "मॅडम, लोकांपुढे एक चांगलं उदाहरण राहिलं असतं." सगळ्या जन्मात तो कुणाचं उदाहरण व्हायला तयार झाला नाही...

घरी आल्यावर वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरं केलं शकूताई. नाहीतर त्यांला तिथं मातीतबी बसवलं नसतं." मग बराच वेळ तुरीच्या डाळीतले खडे निवडत राहिल्या आणि मान वर न करता बोलल्या, "मला तुमचं पटायचं. त्यांला सांगितलंबी होतं एकदा." मी चकित झाले. इतक्या वर्षांत वहिनींचं मत आम्हा दोघांपैकी कुणी विचारल्याचं मला आठवेना. "मग? काय म्हणाला?" वहिनी किंचित हसल्या. "म्हणले, नणंद-भावजयीनं मिळून मत दिलं तरी सूर्य ऐकायचा न्हाई. आन् त्या दिवशी भाजी दोनदा मागून घेतली."

परवा पुन्हा गावी गेले होते. उन्हाची तलखी सुरू झालीय. दादाच्या बैठकीच्या खोलीचं दार पश्चिमेला आहे, दुपारी ऊन थेट आत पलंगापर्यंत येतं. मी उठून दार लोटून घ्यायला लागले तर वहिनी आतून ओरडल्या, "राहू द्या, राहू द्या. लावलं तर घरात कुणी न्हाई असं वाटतंय लोकांला." खरंच, थोड्या वेळाने लोक आले. एक दादाच्या जुन्या पक्षातले, एक संगीताबाईंचे दीर. सवयीने चपला दारात काढून पलंगाच्या दोन टोकांना बसले. वहिनींनी पाणी आणून दिलं. यंदाचं ऊन जास्त, की दरवर्षी असंच वाटतं, यावरून त्यांची जुंपली, आवाज चढले, आणि माझ्याकडे लक्ष जाताच दोघंही एकदम थांबले. मग संगीताबाईंचे दीर सरकले आणि त्यांनी पलंगावर मधे जागा करून दिली.

"बसा ताई," ते म्हणाले. "हे ऐकायलेच न्हाईत."

मी बसले. ऊन पायांवर येत होतं.