तिसरी हाक

"हात सोड बे तिचा! जनावर हाय का ती?"

बीडच्या अदालतीच्या ओसरीत शिपाईमामा ओरडले आणि कौलांवरची कबुतरं उडाली ती, खोटं सांगत नाही, थेट कपिलधारला जाऊन बसली. पक्षकारांची नावं पुकारायची, ही मामांची नोकरी. ते बीडात शिंकले तर उमापुरात म्हशी आटत. मी समोरच्या लिंबाखाली अर्ज लिहायला बसे. माझा डावा कान त्यांनीच खाल्ला.

ज्याच्यावर ओरडले तो तेलगावचा जमीनवाला. हाताशी पोरकी पुतणी, एवढीशी. दंडावर डागणीचा ताजा वळ. मागच्या तारखेला मावशीला बघून रडली, त्याची ही शिक्षा.

उमापूरच्या त्या मावशीनं पोर मागितली होती. पण निकाल लागेस्तोवर मूल ज्याच्याकडं, त्याच्याचकडं. मुन्सफसाहेब तारीख देत, चुलता पोरीला घरी नेई. तुम्हीच सांगा, ही तारीख होती की सळई तापवायला दिलेली सवलत?

"माज्या घरची पोर हाय," चुलता म्हणाला. "तू शिपाई हायस, शिपायावानी ऱ्हा."

मामा गप्प झाले. मामांना गप्प बघून मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या तारखेला चुलत्यानं पोरीला ओसरीत बसवलं आणि स्वतः लिंबाखाली पान जमवत बसला. घाई कशाला? मामांची हाक तर मढ्यालाही ऐकू जाते.

मामांनी मावशीचं नाव पुकारलं. दौतीतली शाई हिंदकळली. मग चुलत्याचं. मी बघत होतो. छाती फुगली, मानेच्या शिरा तटतटल्या, ओठ हलले, आणि आवाज निघाला माशीच्या पंखाएवढा. दुसरी हाक तशीच. तिसरीही. तीन हाकांना जो आला नाही तो गैरहजर, निकाल एकतर्फी. पोर मावशीच्या कडेवर गेली.

चुलता पान थुंकत धावला. "हुजूर, हाक आलीच न्हाई मला."

मुन्सफसाहेब चिडले. "इनकी आवाज आधे जिले को सुनाई देती है, और तुमको नहीं?"

लिंबाखालच्या आम्हा सगळ्यांना विचारलं. आम्ही सगळ्यांनी ऐकली होती. अगदी स्पष्ट.

पुढच्याच मुकदम्याला मामांनी अशी आरोळी ठोकली की माझ्या हातातला बोरू मोडला. संध्याकाळी ते पागोटं झटकत निघाले, तेव्हा मी गाठलं.

"मामा, त्या येळी आवाजाला काय झालतं?"

"घसा बसला व्हता."